प्राधिलेखाची सीमा : मोरो रघुनाथ प्रकरण ते अनुच्छेद २२६

संविधान व प्रशासकीय विधी यांच्या पदवी स्तरावरील अध्यापनात प्राधिलेखांचा परिचय सामान्यतः अनुच्छेद ३२ आणि २२६ यांच्यापासून होतो. त्यामुळे ही संकल्पना १९५० मध्ये इंग्रजी परंपरेतून सिद्ध रूपात स्वीकारली गेली, असा समज दृढ होतो. वस्तुतः भारतातील प्राधिलेखाचा इतिहास हा प्रामुख्याने त्याच्या सीमेचा इतिहास आहे, आणि त्यातील एक निर्णायक प्रकरण पुण्यात घडले.

१८१८ मध्ये पेशवाई संपुष्टात आल्यानंतर दख्खनच्या मुलखात कंपनी सरकारची न्यायव्यवस्था होती. मुंबई बेटावर मात्र १८२४ पासून राजाचे सुप्रीम कोर्ट कार्यरत होते. १८२८ मध्ये या कोर्टाने पुण्यातील मोरो रघुनाथ या अल्पवयीन मुलास हजर करावे, असा हेबिअस कॉर्पसचा प्राधिलेख त्याचे आप्त पांडुरंग रामचंद्र यांच्यावर काढला. ठाण्याच्या तुरुंगातील बापू गणेश या कैद्याविषयीही तसाच आदेश निघाला. गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी या आदेशांची अंमलबजावणी होऊ दिली नाही. नव्याने जिंकलेल्या प्रदेशात दोन सत्ता परस्परविरोधी हुकूम देताना दिसल्या तर सरकारचा वचक उरणार नाही, ही त्यांची भूमिका होती. सर एडवर्ड वेस्ट व सर चार्ल्स चेंबर्स यांच्या निधनानंतर एकटे उरलेले न्यायाधीश सर जॉन पीटर ग्रँट यांनी १८२९ मध्ये निषेधार्थ कोर्टच बंद केले. त्याच वर्षी प्रिव्ही कौन्सिलने सरकारच्या बाजूने कौल दिला : जेथे कोर्टाचा सर्वसाधारण अधिकार नाही, तेथील एतद्देशीय रहिवाशाला प्राधिलेख लागू होत नाही.

या कौलाचा अर्थ दूरगामी होता. स्वातंत्र्याचे संरक्षण व्यक्तीला नव्हे, तर भूभागाला जोडले गेले. १९२३ च्या दुरुस्तीने फौजदारी प्रक्रिया संहितेखाली हेबिअस कॉर्पसच्या स्वरूपाचे आदेश उच्च न्यायालयांना शहराबाहेरही देता येऊ लागले. इतर प्राधिलेखांची कक्षा मात्र मुंबई, कलकत्ता व मद्रास या तीन न्यायालयांच्या मूळ अधिकारक्षेत्रापुरतीच उरली. पार्लाकिमेडी जमीनदारीतील रयतांनी खंडाच्या आकारणीविषयी महसूल मंडळाच्या निर्णयास आव्हान दिले, तेव्हा मंडळाचे कार्यालय मद्रास शहरात असूनही १९४३ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने त्यांना दाद नाकारली. प्रशासनाच्या निर्णयाची न्यायालयीन छाननी शहराच्या वेशीपाशी थांबत होती.

या पार्श्वभूमीवर अनुच्छेद २२६ चे मोल ध्यानात येते. २६ जानेवारी १९५० पासून प्रत्येक उच्च न्यायालयाला आपल्या संपूर्ण क्षेत्रात, शासनासह कोणत्याही व्यक्तीविरुद्ध वा प्राधिकाऱ्याविरुद्ध प्राधिलेख काढता येऊ लागला; तोही केवळ मूलभूत हक्कांसाठी नव्हे, तर अन्य प्रयोजनांसाठीही. माल्कम यांनी जी वेस राखली होती, ती संविधानाने पुसली.

तौलनिक अभ्यासकाच्या दृष्टीने येथे परिभाषाही बोलकी ठरते. हिंदीत ‘बंदी प्रत्यक्षीकरण’ ही संज्ञा रूढ आहे. तीत बंदिवान गृहीत धरलेला आहे. मराठीतील ‘देहोपस्थिती’ मूळ लॅटिन पदांतील देहाला धरून राहते आणि ताबा कोणाचा, तुरुंगाचा की घराचा, हा प्रश्न खुला ठेवते. बापू गणेश पहिल्या संज्ञेत बसतो. मोरो रघुनाथ हा कैदी नव्हता, तो दुसरीतच सामावतो. भाषांतर हेही येथे कायद्याचे अर्थनिर्णयन ठरते.

तथापि सीमा केवळ भूगोलाची नसते, हे आणीबाणीने दाखवले. अनेक उच्च न्यायालयांनी स्थानबद्धांचे अर्ज ग्राह्य मानले असता, २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जबलपूर प्रकरणात बहुमताने त्यांना दाद नाकारली, न्यायमूर्ती ह. रा. खन्ना एकटे भिन्नमत नोंदवून राहिले. १८२९ मध्ये सीमा स्थळाची होती, १९७६ मध्ये ती काळाची झाली. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद २० व २१ यांच्या अंमलबजावणीसाठी न्यायालयात जाण्याचा हक्क आणीबाणीतही अबाधित ठेवला, आणि २०१७ मध्ये पुट्टस्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो बहुमताचा निर्णय रद्दबातल ठरवला.

प्राधिलेख कोणते, हे पाठ्यपुस्तक सांगते. तो कोठवर आणि केव्हापर्यंत पोहोचतो, या प्रश्नाचे उत्तर इतिहासात शोधावे लागते. आणि ते उत्तर प्रत्येक पिढीत नव्याने द्यावे लागले आहे.