गंजलेले दार आणि इतिहासाचे साधन : अहमदनगर जिल्ह्याच्या संदर्भात जुन्या पिकअप वाहनांच्या जतनाचा विचार

प्रस्तावना

इतिहासाची साधने म्हटली की ताम्रपट, शिलालेख, बखरी, दप्तरे आणि नाणी डोळ्यांसमोर येतात. विसाव्या शतकाच्या इतिहासाला मात्र यंत्रे व वाहने ही साधनेही उपलब्ध आहेत. त्यांच्याकडे इतिहासाच्या अभ्यासकाने अद्याप पुरेशा गांभीर्याने पाहिलेले नाही. प्रस्तुत निबंधात जुन्या पिकअप वाहनाच्या गंजलेल्या दाराचा विचार केला आहे. विषय वरवर कारागिरीचा वाटेल. परंतु जुना पत्रा कापून नवा बसविताना नेमके काय वाचते आणि काय कायमचे नष्ट होते, हा प्रश्न पुराव्याचा म्हणजेच इतिहासाचा आहे.

अहमदनगर (2024 पासून अहिल्यानगर) जिल्हा या विचारासाठी निवडण्यास कारण आहे. धातुकामाची येथील परंपरा जुनी आहे. विजापूरची प्रसिद्ध ‘मलिक-ए-मैदान’ तोफ 1549 मध्ये अहमदनगर येथे ओतली गेली. ती मिश्रधातूची असल्यामुळे पावणेपाचशे वर्षे टिकली. पिकअपचे दार मात्र जेमतेम एक मिलिमीटर जाडीच्या पोलादी पत्र्याचे असते. राजसत्तेने आपली आठवण टिकाऊ धातूत ठेवली. शेतकरी, व्यापारी व चालक यांची आठवण पातळ पत्र्यावर राहिली.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

जनरल मोटर्स या अमेरिकन कंपनीने 1928 मध्ये मुंबईत शिवडी येथे वाहनजुळणी सुरू केली. वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना झाली व कुर्ला येथील तिच्या कारखान्यातून स्वातंत्र्याच्या सुमारास वाहने बाहेर पडू लागली. 1945 मध्ये स्थापन झालेल्या महिंद्र कंपनीने त्यानंतर विलीज जीपची जुळणी हाती घेतली. पुढे केवळ परदेशी सुटे भाग जुळविणाऱ्यांऐवजी देशात प्रत्यक्ष उत्पादन करणाऱ्यांना प्राधान्य देण्याचे सरकारी धोरण ठरले आणि 1950 च्या दशकाच्या मध्यापर्यंत जनरल मोटर्स व फोर्ड या दोन्ही कंपन्यांनी येथील जुळणी थांबविली.

याच काळात अहमदनगर जिल्ह्याचे ग्रामीण अर्थकारण पालटत होते. विठ्ठलराव विखे पाटील यांच्या नेतृत्वाखाली व धनंजयराव गाडगीळ यांच्या मार्गदर्शनाने लोणी परिसरात सहकारी साखर कारखाना 1950 च्या सुमारास उभा राहिला. कारखाना आला म्हणजे खत, बियाणे, यंत्रांचे भाग, किराणा व माणसे यांची ने-आण आली. मालवाहू वाहनांच्या देशी उत्पादनाशीही जिल्ह्याचे नाते आहे. मुंबई विधानसभेचे सभापती राहिलेले नगरचे कुंदनमल फिरोदिया यांचे पुत्र नवलमल फिरोदिया यांचा 1958 मध्ये सुरू झालेल्या बजाज टेम्पोच्या उभारणीत प्रमुख वाटा होता.

परदेशी कंपन्या गेल्या, तरी त्यांची वाहने रस्त्यावर राहिली. त्यांना मूळ कारखान्याचे दार मिळणे दुरापास्त झाले. जे मिळत नाही ते घडवावे लागते. म्हणून गावोगावच्या पत्राकाम करणाऱ्या कारागिराला, आपल्या बोलीतल्या ‘डेंटर’ला, महत्त्व आले. दुरुस्तीची ही संस्कृती काटकसरीच्या वृत्तीतून आली हे खरे. पण तितकीच ती आयात-धोरणाचीही निर्मिती होती.

दार का गंजते व कसे दुरुस्त होते

दाराचा गंज बहुधा आतून बाहेर येतो. काचेच्या फटीतून पावसाचे पाणी दाराच्या पोकळीत उतरते. ते वाहून जावे म्हणून तळाशी लहान छिद्रे ठेवलेली असतात. धूळ व चिखल यांनी ती बुजली की पाणी साचते. बाहेरचा पत्रा आतील सांगाड्यावर दुमडून बसविलेला असतो. त्या दुमडीत ओल केशाकर्षणाने टिकून राहते. जिल्ह्याचा मोठा भाग पर्जन्यछायेत असला, तरी येथील वाहने गंजापासून सुटत नाहीत, कारण कमी पावसाच्या प्रदेशातील धूळच छिद्रे बुजविते. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक असल्याने दुमड फुगते, रंगाला फोड येतात आणि बाहेर छिद्र दिसते तेव्हा भोवतालचा पत्राही पातळ झालेला असतो.

दुरुस्तीत प्रथम आतील अस्तर, काच व कडी काढतात. तारेच्या ब्रशने खरवडून व टोच्याने टोचून निरोगी धातू कोठे सुरू होतो ते पाहतात. तेथपर्यंतचा भाग कापून त्याच जाडीच्या पत्र्याचे ठिगळ घडवितात. सलग वेल्डिंग केल्यास उष्णतेने पातळ पत्रा वाकडा होतो. म्हणून अंतराअंतरावर टाके घेऊन, मध्ये थंड होऊ देऊन, हातोडी व डॉली यांच्या साहाय्याने तो सरळ करतात. नंतर दुमड, रेड ऑक्साइड, गरजेपुरती लांबी आणि रंग. तळाची छिद्रे मोकळी केली नाहीत, तर हे सारे श्रम दोन-तीन पावसाळ्यांचेच सोबती ठरतात. छिद्रावर नुसती लांबी भरून रंग देणे ही दुरुस्ती नव्हे, ते झाकणे होय.

दार : एक दस्तऐवज

मालवाहू वाहनाच्या दारावर व बाजूंवर नोंदणी क्रमांक, मालकाचे नाव, गाव आणि वजनाचे आकडे रंगविण्याची पद्धत आहे. ‘एमएच-16’ ही अहमदनगरची व ‘एमएच-17’ ही श्रीरामपूरची ओळख 1989 नंतरची. त्याखाली जुना तीन अक्षरी क्रमांक सापडला, तर वाहनाच्या आयुष्याचे दोन कालखंड एकाच पत्र्यावर दिसतात. मालक बदलला की नवा रंग चढतो, पण जुना थर खाली राहतो. याशिवाय पूर्वीच्या ठिगळांचे टाके असतात. ज्यांचे नाव कोणत्याही दप्तरात नाही, अशा कारागिरांची ती एकमेव स्वाक्षरी असते. आपल्याकडची गोधडी जशी ठिगळांमुळेच घराचा इतिहास सांगते, तसेच हे दार आहे. पूर्ण खरवडून चकचकीत केलेले दार सुंदर दिसेल, परंतु मुके होईल.

येथे एक आक्षेप संभवतो. गंज तसाच ठेवला तर दारच उरणार नाही. मग पुरावा कोठला? आक्षेप योग्य आहे. म्हणून प्रश्न दुरुस्ती करावी की नाही हा नसून किती करावी व तिची नोंद कशी ठेवावी हा आहे. वास्तूंच्या जतनासाठी 1964 च्या व्हेनिस सनदेने आणि ऐतिहासिक वाहनांसाठी 2012 मध्ये स्वीकारल्या गेलेल्या तुरिन सनदेने मूळ द्रव्य शक्य तितके राखावे व केलेल्या कामाची नोंद ठेवावी, असाच दंडक घातला आहे.

जतनातील विषमता

अहमदनगर येथे चिलखती दलाच्या केंद्राने 1994 मध्ये रणगाडा संग्रहालय सुरू केले. रोल्स-रॉइस चिलखती मोटारीपासून विजयंता रणगाड्यापर्यंतची वाहने तेथे पाहावयास मिळतात. युद्धाच्या वाहनांना संग्रहालय मिळाले. शेतमाल वाहणाऱ्यांना मिळाले नाही. रणगाड्याच्या जाड पोलादावर जो गंज केवळ साल ठरतो, तोच पिकअपच्या दारावर भगदाड ठरतो. म्हणजे ज्याला जतनाची अधिक निकड, त्यालाच आश्रय नाही.

कायद्यातही हाच भेद आढळतो. केंद्र सरकारच्या 2021 च्या नियमांनी पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात राखलेल्या वाहनांना स्वतंत्र नोंदणी दिली; परंतु ही सोय वैयक्तिक वापराच्या, बिगर-व्यापारी वाहनांपुरती आहे. मालवाहू पिकअपचे सारे महत्त्व व्यापारी वापरातच असल्याने नेमका तोच तिच्या आड येतो. त्याच वर्षी जुनी वाहने मोडीत काढण्याचे धोरणही जाहीर झाले. प्रदूषण व सुरक्षितता यांसाठी ते आवश्यक आहे. तथापि मोडीत जाणाऱ्या प्रत्येक दाराबरोबर एक न वाचलेले पान जाते.

निष्कर्ष

जुन्या पिकअपचे दार हे आयात-धोरण, सहकार, हवामान व कारागिरी यांचे एकत्रित साधन आहे. सर्व वाहने राखणे शक्य नाही व इष्टही नाही. परंतु महाविद्यालयांच्या इतिहास विभागांना अल्प खर्चात काही गोष्टी करता येतील : पत्रा कापण्यापूर्वी छायाचित्र व अक्षरांचा ठसा घेणे, रंगाच्या थरांची नोंद करणे, कापलेला तुकडा तारीख घालून जपणे आणि काम करणाऱ्या कारागिराची मुलाखत घेणे. यांपैकी शेवटची गोष्ट सर्वांत निकडीची आहे. पत्रा पुन्हा घडविता येतो. पण हातोडीचा आवाज ऐकून पत्र्याची जाडी ओळखणारा कान एकदा गेला की त्याला ठिगळ लावता येत नाही.