गेटच्या चढावर गाडी घासते? हे करून बघा
गोवा, बेळगावात बरीच घरं रस्त्यापेक्षा उंच. गेटपाशी चढ उभा. सेडानचं पोट जमिनीपासून साधारण १६५ मिमी वर असतं, माणसं बसली की आणखी खाली येतं. पायथ्याशी पुढचा-मागचा बंपर घासतो, माथ्यावर पोट.

काय कराल? माणसं, सामान आधी उतरवा. टायरात हवा बरोबर ठेवा. जागा असेल तर गाडी तिरकी घ्या, एकेक चाक चढू द्या. पहिला गिअर, वेग कमी. ब्रेक चढाच्या आधीच सोडा, नाहीतर नाक खाली दबतं.

तरीही घासते? मग दोष चढाचा. ५ फुटांना १ फूट चढ असेल तर पायथा-माथ्याचे ३-४ फूट १० ला १ करून घ्या. चढ थोडा लांबेल. गटार मात्र बुजवू नका, पावसाचं पाणी तुंबेल.