होली सी आणि बालहक्क संहिता
होली सी हे रोमन कॅथलिक चर्चचे सर्वोच्च धर्मपीठ असून संयुक्त राष्ट्रांत त्यास कायम निरीक्षकाचा दर्जा आहे. १९९० मध्ये त्याने बालहक्क संहितेस मान्यता दिली. धर्मगुरूंनी केलेल्या बालकांच्या लैंगिक शोषणाच्या हाताळणीबद्दल संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क समितीने फेब्रुवारी २०१४ मध्ये ताशेरे ओढले. संहितेचे बंधन व्हॅटिकन सिटीपुरतेच असल्याचा होली सीचा युक्तिवाद समितीने अमान्य केला. मात्र त्याच अहवालात गर्भपातविषयक भूमिकेच्या फेरविचाराचीही शिफारस असल्याने, हा धर्मस्वातंत्र्यातील हस्तक्षेप असल्याचा आक्षेप होली सीने घेतला. परिणामी उत्तरदायित्वाचा प्रश्न सांस्कृतिक वादाशी जोडला गेला. डिसेंबर २०१९ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी शोषणाच्या प्रकरणांना लागू असलेला चर्चमधील विशेष गोपनीयतेचा नियम रद्द केला.