दूध तोडणं

चाकणला कारखाने यायच्या आधीचं सांगतो. पोर अंगावर पीत असताना बाईला पुन्हा दिवस गेले की म्हातारी म्हणायची, "तोड आता, दूध नासलं." मग कडुलिंबाचा पाला वाटून थानाला लावायचा. पोर नुसत्या भाकरीच्या काल्यावर यायचं. पोट नगारा, पाय सुजलेले. आम्ही त्याला मुडदूस म्हणायचो. तिकडं आफ्रिकेत, आजच्या घानात, गा भाषेत क्वाशिओरकोर म्हणत: पाठचं भावंड आल्यावर थोरल्याला जडणारं दुखणं. डॉ. सिसिली विल्यम्स यांनी १९३५ साली ते नाव वैद्यकात आणलं.

दूध नासत नाही. आटत जातं, पुढं चीक येतो. गाभण गाय आपण आटवतो, तोच हिशोब बायकांना लावला. पण वासरू तोवर चारा खातं!

१९७५ साली अंगणवाडी योजना निघाली, पुढं गावात सुकडी आली. यादीत गरोदर माता वेगळी, स्तनदा माता वेगळी. दोन्ही असलेली तेव्हा आमच्या वस्तीवर घरटी एक होती.