तळटीप ७ : ‘विहिरीतला निक्स’

निक्स हा जर्मन लोककथांतला पाण्यातला भूत-पुरुष. बाई असेल तर निक्से. स्वीडनमध्ये त्याला नेकेन म्हणतात. तो फिडल वाजवून माणसाला डोहाकडे ओढतो. नॉर्वेत तो कधी पांढरा घोडा होऊन काठाशी उभा राहतो. पाठीवर बसलेलं पोर थेट तळाला जातं. नाव घेऊन हाक मारली की मात्र त्याचं बळ सरतं. थिओडोर किटेलसेनच्या १९०४ च्या चित्रात कमळपानांमागून त्याचे दोन डोळे रोखलेले दिसतात.

धारवाडच्या सप्तापूरच्या आठवणीत (तिथल्या थांब्याचं नावच ‘सप्तापूर बावी’, कानडीत बावी म्हणजे विहीर) लेखकाने हा परका शब्द का घातला, कोण जाणे. मराठीत साती आसरा आहेतच. ‘आसरा’ हे ‘अप्सरा’चं रूप, आणि त्यात ‘अप्’ म्हणजे पाणी. मत्स्यी, कूर्मी, कर्कटी, दर्दुरी, जतुपी, सोमपा, मकरी अशी त्यांची नावं सांगतात. निम्म्याहून अधिक सरळ मासा, कासव, खेकडा, बेडूक, मगर. विहिरीच्या कडेला शेंदूर फासलेले सात गोटे, पुढे हिरव्या बांगड्या, खण, दहीभात. भर दुपारी एकटं पाण्यावर गेलं की ‘आसरा लागते’. निक्सची कोणी ओटी भरत नाही, हा फरक मोठा. सप्तापुरातल्या ‘सप्त’शी या सातजणींचा संबंध मात्र वाचकांनी जोडू नये.

पुढे ‘बाया’ असा शब्द येईल तिथे आसराच समजाव्यात. — सं.