सह्याद्रीच्या पाठीची कोरड

आंबोलीत वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. बेळगावात तो तेराशेच्या आसपास उरतो आणि अथणीला सहाशेचाही भरवसा नसतो. अंतर जेमतेम दीडशे किलोमीटर, पण भातखाचरांतून निघालेला माणूस ज्वारीच्या रानात पोचतो.

ही किमया डोंगराची. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हाचे थर साचले. पुढे पश्चिम किनारा दुभंगला, भूभागाची कड उचलली गेली आणि समुद्राकडे तोंड करून सह्याद्रीचा कडा उभा राहिला. अरबी समुद्रावरचे ओले वारे तो चढताना थंड होऊन घाटमाथ्यावर रिते होतात. पलीकडे उतरताना ते तापतात आणि ढग विरतात. तिबेटच्या पठाराने हेच काम खंडाच्या मापाने केले. पठार उंचावत गेले, पश्चिमेचा उथळ समुद्र मागे हटला आणि मध्य आशिया वाळत गेला. या वाळण्याची साक्ष देणारे, उत्तर चीनमध्ये वाऱ्याने आणून टाकलेल्या धुळीचे थर २ कोटी २० लाख वर्षांपर्यंत मागे जातात.

महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागाची शेती सह्याद्रीच्या याच पर्जन्यछायेने वाटून दिली. खानापूरला जंगल आणि भात, बेळगावभोवती बासमती, निपाणी-चिकोडीच्या काळ्या रानात विडीचा तंबाखू. पावसाळ्यात लावायचा आणि पुढच्या कोरड्या उन्हात वाळवायचा, हा तंबाखूचा क्रम घाटमाथ्यावर जमला नसता. त्यावरच निपाणीच्या वखारी उभ्या राहिल्या. १९८१ साली शेतकरी नेते शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखूच्या भावासाठी शेतकऱ्यांनी इथे महामार्ग रोखला. एप्रिलमध्ये पोलिसांच्या गोळीबारात त्यांतले काहीजण मारले गेले.

पूर्वेकडच्या तालुक्यांना कोरडीची किंमत आधीच कळली होती. १८७६-७८ च्या दुष्काळात बेळगाव जिल्हा होरपळला. पाऊस घाट ओलांडत नाही, पण नदी त्याचे पाणी पूर्वेला आणते. म्हणून धुपदाळला घटप्रभा अडवून कालवा काढला, पुढे हिडकलचे धरण झाले. तीच वाट उलटतेही. ऑगस्ट २०१९ मध्ये घाटातल्या पावसाने वेदगंगा फुगली आणि निपाणीजवळ यमगर्णीला पुणे-बंगळुरू महामार्ग पाण्याखाली गेला.

खानापूर तालुक्यात कणकुंबीला मलप्रभा उगवते आणि पूर्वेला वळते. त्याच डोंगरातली म्हादई मात्र गोव्याकडे धावते. कळसा-भांडुरा योजनेतून म्हादईचे ३.९ टीएमसी पाणी मलप्रभेत वळवायला जलतंटा लवादाने २०१८ साली कर्नाटकाला मुभा दिली. गोव्याने त्या निवाड्याला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले आहे.