खटक्याच्या चाकूची कुळकथा व त्याची परीक्षा

(१)

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत सन १९५८ च्या ऑगस्ट महिन्याच्या १२ तारखेस एक कायदा मंजूर झाला. खटका दाबतांच ज्याचें पातें आपोआप उघडतें असा चाकू व्यापारासाठीं एका संस्थानांतून दुसऱ्या संस्थानांत धाडणें, किंवा परदेशांतून आणणें, हा त्या कायद्यानें गुन्हा ठरला. या कायद्यास जे मोजके अपवाद आहेत त्यांपैकीं एक विशेष विचार करण्याजोगा आहे. ज्या मनुष्यास एकच हात आहे त्यानें तीन इंच किंवा त्याहून आंखूड पात्याचा असा चाकू अंगावर बाळगल्यास त्यास हा निर्बंध लागत नाहीं. गुंडांचें हत्यार म्हणून ज्या वस्तूवर बंदी घातली, तीच वस्तु एका हाताच्या मनुष्याच्या नित्य गरजेची म्हणून त्याच कायद्यांत मान्य करण्यांत आली. ही विसंगति कशी उत्पन्न झाली? आमच्या मतें ही विसंगति नव्हे. या चाकूच्या मूळ प्रयोजनाचा कायद्याच्या शब्दांत शिल्लक राहिलेला तो पुरावा आहे.

हत्याराची पारख त्याच्या नांवावरून किंवा त्याविषयींच्या आख्यायिकांवरून न करितां त्याच्या रचनेवरून करावी. हें तत्त्व खटक्याच्या चाकूस कसें लागू पडतें, व असा चाकू जवळ बाळगूं किंवा संग्रहीं ठेवूं इच्छिणाऱ्यास त्याचा काय उपयोग आहे, हें दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

(२)

खटक्याचे चाकू मुख्यतः दोन जातींचे असतात. पहिल्या जातींत पातें मुठीच्या टोंकाशीं खिळीवर बसविलेलें असून खटका दाबतांच तें कुशीकडून अर्धवर्तुळ फिरून उघडतें. दुसऱ्या जातींत पातें मुठीच्या पोकळींत सरळ निजलेलें असतें, व तें मुठीच्या पुढील तोंडांतून नीट समोर बाहेर पडतें. अलीकडे खिशांत वागविण्यासाठीं व संग्रहासाठीं ज्याची विशेष मागणी आहे तो हा दुसऱ्या जातीचा. दोहोंचें मूळ तत्त्व मात्र एकच: पात्यास ढकलणारी कमान, म्हणजे स्प्रिंग, व त्यास अडवून धरणारा खटका.

कमानीच्या जोरावर पातें उघडण्याची युक्ति यूरोपांत अठराव्या शतकांत माहीत होती. बर्मिंगहॅम येथील जॉन वॉटर्स यानें सन १७८१ सालीं कमानीच्या संगिनीसह पिस्तूल करण्याचें पेटंट मिळविलें. एकदां बार उडाला म्हणजे तो पुन्हा भरण्यास अवकाश लागे. अशा वेळीं खटका मोकळा करितांच नळीलगत मिटून ठेवलेली संगीन उघडून पुढें उभी राही. एकोणिसाव्या शतकांत शेफील्डच्या कारागिरांनीं हीच युक्ति खिशांतील चाकूस लाविली. परंतु कमानीचें पाणी व खटक्याची खांच हीं दोन्ही अचूक साधणें हें हातकामाचें असल्यामुळें, हे चाकू सर्वसाधारण माणसाच्या आटोक्यांत येण्यास यंत्रकाम यावें लागलें.

तें काम न्यूयॉर्कच्या जॉर्ज श्रेड या यंत्रकारानें केलें. सन १८९२ मध्यें त्यानें खटक्याच्या चाकूचें पेटंट घेतलें व दुसऱ्याच वर्षीं तो चाकू करण्याची कंपनी काढली. पुढें न्यूयॉर्क प्रांतांतील वॉल्डन या गांवीं, चाकूंच्या कारखान्यांसाठीं प्रसिद्ध असलेल्या ठिकाणीं, हा धंदा वाढला. १९०४ सालीं तेथें श्रेड बंधूंचा स्वतःचा कारखाना निघाला. जॉर्ज श्रेड यानें कांहीं काळ जर्मनींतील झोलिंगेन येथेंही उद्योग केला. अमेरिकेस परत आल्यावर ‘फ्लायलॉक’ व ‘प्रेस्टो’ या नांवांचे त्याचे चाकू निघाले. १९४० सालीं तो मरण पावला.

या काळांतील अमेरिकन चाकू पाहिले असतां एक गोष्ट तत्काळ ध्यानांत येते. त्यांपैकीं बहुतेकांचा घाट साध्या खिशांतील चाकूचाच आहे; निराळा आहे तो केवळ खटका. शेतकरी, गुराखी व शिकारी हें त्यांचें गिऱ्हाईक. एका हातांत दोरी, लगाम किंवा जनावर धरिलेलें असतां दुसऱ्या हातानें चाकू उघडतां यावा, नखांनीं पातें उपसण्याची खटपट पडूं नये, एवढेंच त्याचें प्रयोजन.

(३)

दुसऱ्या महायुद्धानें हें प्रयोजन अधिक स्पष्ट झालें. जर्मन हवाई दलानें १९३७ पासून आपल्या छत्रीधारी सैनिकांस जो चाकू दिला, त्याचें पातें मुठीच्या तोंडांतून समोर येई. मात्र त्यांत कमान नव्हती. चाकू उलटा धरून तरफ दाबली म्हणजे पातें स्वतःच्या भारानें खालीं सरके व तरफ सोडतांच घट्ट बसे. मुठीस दोऱ्यांच्या गांठी सोडविण्याचा एक सूळही असे. अमेरिकन छत्रीधाऱ्यांस ‘एम-२’ हा कुशीकडून उघडणारा खटक्याचा चाकू मिळे. दोहोंचा उद्देश एकच: झाडावर किंवा दोऱ्यांत अडकून एक हात गुंतलेल्या सैनिकास दुसऱ्या हातानें आपली सुटका करून घेतां यावी. शेतकऱ्याचा लगाम व सैनिकाची दोरी यांत तत्त्वतः भेद नाहीं. पुढें कायद्यानें एका हाताच्या मनुष्यास जी सवलत दिली ती याच अनुभवाशीं जुळते.

(४)

मग हा चाकू बदनाम कशानें झाला? युद्धानंतर इटलींतून परतणाऱ्या सैनिकांनीं तिकडील निमुळत्या, सुईसारख्या अणीचे खटक्याचे चाकू आणिले. मागोमाग व्यापाऱ्यांनींही ते आणविले. इटलींत मानिआगो व फ्रोसोलोने हीं चाकूंच्या कारागिरीचीं जुनीं ठिकाणें होत. नव्या चाकूंचा घाट उपयोगापेक्षां दिखाऊपणाचा होता. १९५० च्या नोव्हेंबरांत ‘वुमन्स होम कंपॅनियन’ या मासिकांत जॅक हॅरिसन पोलॅक याचा लेख आला. त्यांत या चाकूस जीव घेणारें खेळणें म्हटलें होतें. पाठोपाठ रंगभूमि व बोलपट यांनीं तें चित्र ठसविलें. ‘रेबेल विदाउट अ कॉज’ (१९५५) यांतील झुंज आणि ‘वेस्ट साइड स्टोरी’ (१९५७) या नाटकांतील टोळ्यांचें वैर हीं याच काळचीं. चाकू उघडतांना होणारा ‘खट्’ असा आवाज प्रेक्षकांच्या मनांत गुन्ह्याची खूण होऊन बसला.

न्यूयॉर्क प्रांतानें १९५४ मध्यें व संयुक्त सरकारनें १९५८ मध्यें निर्बंध घातले. ब्रिटनमध्यें १९५९ च्या कायद्यानें असे चाकू करणें, विकणें, उसने देणें व परदेशांतून आणणें बंद झालें. त्याच कायद्यांत भारानें उघडणारे चाकूही आले. स्वतःच्या घरीं ठेवण्यावरची बंदी मात्र तेथें २०१९ च्या कायद्यानें, जुलै २०२१ पासून, अमलांत आली. म्हणजे साठ वर्षे जो संग्रह निर्वेधपणें घरांत होता तो एका तारखेनंतर गुन्हा झाला. संग्राहकानें या उदाहरणाचा विसर पडूं देऊं नये.

अमेरिकन कायद्यांतील व्याख्येचें स्वरूपही पाहण्यासारखें आहे. तींत पात्याची लांबी, धार किंवा अणी यांचा विचार नसून तें कसें उघडतें एवढाच विचार आहे. स्वयंपाकघरांतील आठ इंची सुरी व्याख्येच्या बाहेर, व दोन इंचांचा खटक्याचा चाकू आंत! २००९ सालीं त्या कायद्यांत दुरुस्ती होऊन, ज्याचें पातें मिटलेलें राहण्याकडेच ओढ घेतें व हातानें थोडें उघडल्यावरच कमानीचें साहाय्य घेतें, असे चाकू वगळण्यांत आले. सारांश, कमान कोणत्या क्षणीं काम करूं लागते यावर अपराध अवलंबून राहिला.

(५)

आतां समोरून निघणाऱ्या चाकूची रचना पाहूं. त्याचे दोन प्रकार आहेत. एकेरी प्रकारांत पातें मिटलेलें असतां कमान ताणलेली असते; खटका दाबतांच पातें जोरानें सुटतें, परंतु मिटवितांना तें हातानें मागें ओढून कमान पुन्हा ताणावी लागते. दुहेरी प्रकारांत मुठीवरील खटका पुढें सारला असतां पातें निघतें व मागें सारला असतां आंत जातें. यांत दोन्ही टोंकांस कमान सैल असते. अंगठ्यानें खटका सारूं लागलें म्हणजे ती ताणत जाते. ताण पुरा होतांच अडसर सुटतो, पातें उरलेलें अंतर स्वतःच्या वेगानें काटतें व पुढच्या अडसरांत जाऊन बसतें.

या रचनेपासून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली ही कीं, पात्यास सरकण्यापुरती मोकळीक ठेवावीच लागते. म्हणून उघडलेल्या पात्यांत किंचित् ढिलेपणा असणें हा दोष नव्हे, जातिधर्म होय. दुसरी ही कीं, वाटेंत अडथळा आला तर दुहेरी प्रकारचें पातें अर्ध्यावरच थांबतें, अडसरांत बसत नाहीं, व तें बोटांनीं ओढून जागेवर न्यावें लागतें. खटका दाबतांच पातें समोरच्या माणसाच्या अंगांत शिरतें, ही समजूत या रचनेपुढें टिकत नाहीं. तिसरी ही कीं, मुठीचें तोंड सदा उघडें असल्यामुळें खिशांतील धूळ व सुताचे धागे आंत जातात, व साफसफाई न केल्यास पातें अडूं लागतें.

सध्यांच्या दुहेरी चाकूंची कीर्ति वाढविण्यांत, अमेरिकेंत १९९४ सालीं स्थापन झालेल्या ‘मायक्रोटेक’ या कारखान्याचा भाग मोठा आहे. त्याच्या ‘अल्ट्राटेक’ या चाकूचें पातें सुमारें साडेतीन इंच असून मूठ ॲल्युमिनियमची असते. एकच नमुना निरनिराळ्या घाटाच्या पात्यांनीं काढण्याच्या पद्धतीमुळें संग्राहकांस त्याचा नाद लागतो.

(६)

आपल्याकडील स्थिति काय? यंत्रयुक्तीचें पातें हिंदुस्थानास अपरिचित नव्हतें. अनेक वस्तुसंग्रहालयांत ‘कैंची कट्यार’ आढळते. तिच्या मुठीच्या आडव्या दांड्या एकत्र दाबल्या असतां बाहेरचीं दोन पातीं कात्रीसारखीं फांकतात व आंतील तिसरें पातें दिसूं लागतें. शत्रूच्या देहांत ती उघडीत असत, अशी आख्यायिका सांगतात. परंतु देहांत रुतलेलीं पातीं मुठीच्या दाबानें फांकविणें किती अवघड आहे याचा विचार केल्यास ती कारागिराच्या चातुर्याची वस्तु म्हणणेंच सयुक्तिक ठरतें. येथेंही आख्यायिका एक सांगते व रचना दुसरें.

खटक्याच्या चाकूचें आपल्याकडील प्रसिद्ध नांव म्हणजे ‘रामपुरी’. उत्तरेंतील रामपूर गांवचा हा चाकू मुंबईच्या बोलपटांनीं घरोघर पोंचविला. मात्र त्या एका नांवाखालीं भिन्न रचनेचे चाकू मोडतात: कांहींचा खटका पातें केवळ मोकळें करितो, कांहींत कमान तें उघडते, तर कांहींत दांतेरी गरारी असून उघडतांना कटकट वाजते. दिल्लीच्या शासनानें १९८० सालीं अधिसूचना काढून कमानीचे, गरारीदार व बटनदार चाकू, पात्याची लांबी ७.६२ सेंटिमीटर व रुंदी १.७२ सेंटिमीटर किंवा अधिक असल्यास, निर्बंधाखालीं आणिले. ७.६२ सेंटिमीटर म्हणजे बरोबर तीन इंच. अमेरिकन कायद्यानें एका हाताच्या मनुष्यास दिलेली मर्यादाही तीच. देशाच्या १९५९ च्या शस्त्रकायद्याखालील नियमांत मात्र सर्वसाधारण मर्यादा नऊ इंच लांबी किंवा दोन इंच रुंदी अशी असून घरगुती, शेतकीच्या, शास्त्रीय व औद्योगिक कामाचीं पातीं तींतून वगळलीं आहेत. शिवाय महाराष्ट्रांत १९५१ च्या पोलीस कायद्याच्या ३७ व्या कलमान्वयें मनाईहुकूम निघाला असतां, त्या मुदतींत चाकू घेऊन हिंडणेंही गुन्हा होऊं शकतें.

(७)

वरील विवेचनावरून निवडीचे नियम सहज निघतात. नित्य वागविण्यासाठीं चाकू घेणाऱ्यानें प्रथम आपल्या गांवचा कायदा व मागाहून चाकू पाहावा. तो दुहेरी प्रकारचा, आंखूड पात्याचा व एकधारी असावा. दुधारी पातें कट्यारीच्या जातींत जातें, व दोरी किंवा खोकें कापण्यास त्याची दुसरी धार निरुपयोगी असते. खटका खिशांत सहज सरकेल इतका हलका नसावा व अंगठा थकेल इतका ताठही नसावा. मूठ उघडून साफ करण्याची सोय आहे कीं नाहीं, हेंही विचारावें. ज्याचे दोन्ही हात मोकळे असतात त्यास मात्र साधा मिटणारा चाकू पुरतो, हें स्पष्ट सांगणें अवश्य आहे.

संग्राहकाची दृष्टि वेगळी. त्यानें पात्याच्या बुडाशीं असलेली कारखान्याची मुद्रा, मुठीचें साहित्य, व पातें मिटविण्याची तऱ्हा यांची नोंद घ्यावी. जुन्या इटालियन चाकूंत पात्यामागील जीभ उचलून अडसर सोडवावा लागे. पुढील काळांत मुठीच्या टोंकाचें धातूचें बोंड कलतें करून तें साधूं लागलें. एवढ्या एका भेदावरून काळ ठरविण्यास मदत होते. जर्मन छत्रीधाऱ्यांच्या चाकूच्या नकला पुष्कळ आहेत. केवळ गरुडचिन्हावर विसंबून राहूं नये. ‘दुसरा असा नाहींच’ या विक्रेत्याच्या ग्वाहीविषयीं तर ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’ (१९५७) हा बोलपट आठवावा. त्यांत आरोपीचा चाकू अद्वितीय आहे असें सारे मानीत असतां, एक पंच तंतोतंत तसाच दुसरा चाकू मेजावर आणून रोवतो व पुराव्याचा तो भाग कोसळतो.

सन २०२३ मध्यें रामपूर येथें चौकांत सुमारें वीस फुटांचा चाकू उभारण्यांत आला. ज्या वस्तूची एवढी प्रतिमा उभी राहिली तिच्या खऱ्या नमुन्यांची नोंद मात्र अद्याप पद्धतशीर झालेली आमच्या पाहण्यांत नाहीं. ज्या वाचकांच्या घरीं वाडवडिलांचा रामपुरी, गरारीदार किंवा इतर खटक्याचा चाकू असेल त्यांनीं तो मोडींत घालण्यापूर्वीं पात्याची लांबी-रुंदी, मुद्रा व खटक्याची रचना लिहून काढावी. तसेंच तो ठेवणें कायदेशीर आहे कीं नाहीं याचीही खात्री करून घ्यावी. वस्तु गेली तरी तिची नोंद राहते. आणि नोंदीवांचून पुढील अभ्यासकाच्या हातीं बोलपटांतील चाकूच तेवढा उरेल.